उशिरा केलेली नोंद

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तो आत्ता पलीकडच्या खोलीत मुलीचं गणित घेतोय आणि मी इथे बसून तुम्हाला सांगतेय — ज्यांना मी कधी पाहिलेलंही नाही. अनोळखी माणसासमोर लाज कमी वाटते म्हणून? असेल तसं. सात वर्षं झाली. अनेकदा अगदी ओठांवर आलं होतं, आणि दर वेळी मी चहा टाकायला उठले.

आधी माझं काम सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आयर्लंडमध्ये, गॉलवेत हृदयाच्या स्टेंट बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी विभागात आहे. म्हणजे कागद बघते. कुणी काय केलं, कधी केलं, सही कुणाची. आमच्यात पहिल्या दिवशी शिकवतात की जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही. आणि एखादी नोंद राहून गेलीच, तर मागची तारीख टाकायची नाही. 'लेट एंट्री' असं लिहायचं, आजची तारीख घालायची, सही करायची. नवीन आलेल्या पोरापोरींना हे मीच शिकवते. कुठल्या तोंडाने, ते विचारू नका.

तर — मार्टिन. आमच्याकडे उंदीर, गांधीलमाश्या, छपरावरचे पक्षी यांचा बंदोबस्त करायला यायचा. एकट्याचा धंदा, एक पांढरी व्हॅन. साठीचा माणूस, मराठी असता तर मी अहोजाहो केलं असतं, इथे सगळेच एकेरी. या कामातले नियम त्याला तोंडपाठ होते. इथे अंडी असलेल्या घरट्याला परवान्याशिवाय हात लावता येत नाही, आणि परवान्याची प्रत हातात पडल्याशिवाय मार्टिन शिडीसुद्धा लावत नसे. आमच्या घराच्या छपराखाली एकदा मैनेच्या जातीच्या पक्ष्यांनी घरटं केलं. पहाटे चारपासून कलकलाट. मी म्हटलं, बुजवून टाक ना ते भोक. तो म्हणाला, "तीन आठवडे थांब, पिलं उडतील. मग बुजवतो." आणि तीन आठवड्यांनी खरंच आला, न बोलावता. बायकोने दिलेला ब्राउन ब्रेड घेऊन. आमच्याकडचे पोहे दोनदा मागून खाल्ले. मुलगी त्याला 'बर्ड मॅन' म्हणायची.

आमच्या नागरिकत्वाच्या अर्जावर तेव्हा ओळखीच्या आयरिश माणसांच्या सह्या लागायच्या — ही बाई चांगल्या चारित्र्याची आहे, असं लिहून. माझ्या अर्जावर एक सही मार्टिनची होती. मीच मागितली होती.

कळतंय ना, मी कशी रेंगाळतेय? मुद्द्याच्या भोवती नुसत्या चकरा मारतेय.

त्या वर्षी सीगलनी, म्हणजे समुद्रावरच्या पांढऱ्या पक्ष्यांनी, कारखान्याच्या सपाट छपरावर तीन घरटी केली, नेमकी हवा आत खेचणाऱ्या यंत्राच्या शेजारी. ती हवा स्टेंट बनतात त्या क्लीनरूममध्ये जाते. तिथे विष्ठेचा एक ठिपकाही परवडत नाही. परवान्याचा अर्ज भरणं माझं काम होतं. फेब्रुवारीत भरायचा तो मी मेमध्ये भरला. का? विसरले. दुसरं काही कारण नाही. वन्यजीव खात्याचं उत्तर आलं की आधी जाळ्या लावल्या का, दुसरे काय उपाय केले, त्याचे पुरावे पाठवा. आम्ही काहीच केलेलं नव्हतं. आणि सोमवारी मोठं ऑडिट होतं.

ते उत्तर मी कुणाला दाखवलं नाही. माझ्या मॅनेजरने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "होतंय." इथे कधीही विचारा, सगळं 'ग्रँड', म्हणजे झकास, असतं ना — तसंच मीही म्हटलं, ग्रँड.

शुक्रवारी सकाळी मी मार्टिनला बोलावलं. त्याने फोनवर विचारलं, परवाना आला का? मी म्हटलं, आला. प्रत दुपारपर्यंत पाठवते.

इतकं सोपं होतं ते. तुम्हाला वाटेल, खोटं बोलताना छाती धडधडली असेल, घाम फुटला असेल. काही नाही. दुसऱ्या हाताने मी ऑडिटच्या फायलीला लेबल चिकटवत होते.

आणि तो — जो कागदाशिवाय शिडी लावत नसे — तो काय म्हणाला माहीत आहे? "तू म्हणालीस ना, मग झालं. तुझा शब्द कागदापेक्षा पक्का." माझ्या पोह्यांमुळे? त्या सहीमुळे? मला खरंच माहीत नाही.

पाऊण तासाने छपरावरून पुन्हा त्याचा फोन. दोन घरट्यांत अंडी आहेत, तिसऱ्यात पिलं निघालीत, कालपरवाचीच. परवान्यात पिलांचं आहे का? त्याला ते काम नको होतं, आवाजात कळत होतं. तिथे मला थांबता आलं असतं. परत खाली ये, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, "राइट सो," म्हणजे बरं तर, आणि फोन ठेवला. पिलांचं त्याने काय केलं, ते मी आजवर विचारलेलं नाही. सोमवारी ऑडिटवाले आले तेव्हासुद्धा ते मोठे सीगल छपरावर घिरट्या घालून ओरडत होते. ऑडिट उत्तम झालं.

समोरच्या इमारतीतून कुणीतरी व्हिडिओ काढला होता. आठवड्याभरात वन्यजीव खात्याचा रेंजर आला. खोलीत आम्ही चौघं — रेंजर, माझा मॅनेजर, मार्टिन, मी. मार्टिन टोपी मांडीवर ठेवून बसला होता. परवान्याबद्दल विचारल्यावर तो शांतपणे म्हणाला, "तिने सांगितलं, आलाय." आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही हो. आता ही सांगेलच, अशा खात्रीने.

मी म्हणाले, "तसं सांगितल्याची आमच्याकडे कुठेही नोंद नाही."

वाक्य बघा. मी 'सांगितलं नाही' असं म्हटलंच नाही. खोटं बोलले असं कुणी सिद्ध करू शकणार नाही. वीस वर्षं कागदांत घालवली की माणूस असा तयार होतो. मार्टिनने माझ्यावरची नजर काढून टोपीकडे वळवली. मोबाइलच्या यादीत फोन झाल्याचं दिसत होतं, पण काय बोलणं झालं ते कुठे होतं? त्यानंतर त्याने एकदाही माझं नाव घेतलं नाही.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, इथे चोरानेच फाशीचा कागद लिहिला. मार्टिनला आमच्या यादीतून काढायचा फॉर्म माझ्याकडे आला. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं: 'परवान्याची प्रत न पाहता काम केले.' तारीख घातली, सही केली. त्यात एक अक्षर खोटं नाही. बाकीच्या कारखान्यांनीही त्याला काढलं. त्याच्यावर कोर्टात केस झाली, गावच्या पेपरात नाव आलं. ज्या माणसाने आयुष्यभर घरट्याला नियमाबाहेर हात लावला नाही, तो पिलं मारणारा म्हणून ओळखला जाऊ लागला. वर्षाच्या आत व्हॅन विकली, धंदा बंद. मुलगी विचारायची, "आई, व्हेअर्स द बर्ड मॅन गॉन?" मी म्हणायचे, रिटायर झाला.

मला त्याच्यापेक्षा कशाची काळजी होती, सांगू? माझ्या नागरिकत्वाच्या अर्जाची. अर्ज अजून विचाराधीन होता. मार्टिनने दोन ओळी लिहून कळवलं असतं की या बाईच्या चारित्र्याबद्दलची माझी सही मी मागे घेतो, तर? रोज पोस्टमन आला की माझी पाचावर धारण बसायची. त्याने लिहिलं नाही. सर्टिफिकेट आलं. समारंभाला साडी नेसून गेले, फोटो काढले, सासूबाईंना पाठवले.

मागच्या महिन्यात तो सुपरमार्केटमध्ये दिसला. खूप वाळलाय. त्यानेही मला पाहिलं. मान हलवली — इथले लोक ओळखीच्याला हलवतात तशी, सहज — आणि पुढे गेला. मी ब्रेडच्या रांगेत तशीच उभी राहिले.

म्हणून आता लिहिते. मी शिकवते तसंच.

लेट एंट्री. आजची तारीख. त्या शुक्रवारी मार्टिनने मला दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा मी हो म्हणाले. परवाना आलेला नव्हता, आणि ते मला माहीत होतं.

सही माझी.