चौकटीवरची डबी

निजामाच्या काळात जालन्याला आमच्या शेजारी एक ज्यू म्हातारी राहायची. नवरा रेल्वेत होता, तो कधीच वारलेला. मुलं, सुना, नातवंडं सगळ्यांचं तीच बघायची, आणि गल्लीत कुणी आजारी पडलं की पेजेचं भांडं घेऊन आधी तीच हजर. सगळे तिला मावशी म्हणायचे, नाव मी कधी विचारलंच नाही. माझं सगळं लक्ष तिच्या दाराच्या चौकटीवर ठोकलेल्या, आत त्यांच्या देवाची वचनं ठेवलेल्या लांबट डबीकडे असायचं. येता-जाता ती डबीला बोटं लावायची आणि तीच बोटं ओठांना टेकवायची. नवल म्हणजे आमच्या मोकळ्या चौकटीलाही ती तसंच करायची.

एकदा मी विचारलंच, "मावशी, इथं तर डबी न्हाई!"

ती हसली. "चाळीस वर्षं तुमच्या घरी येऊन-जाऊन राह्यले बाई. बोटाला आता घर कोणाचं ते कळंना."

मयताहून आल्यावर आंघोळीआधी घरात कशालाही शिवायचं नाही, हा माझ्या आईचा कडक नियम होता. मावशी गेली त्या दिवशी आई तिच्याकडून परतली, दारात थांबली, आमच्या मोकळ्या चौकटीला बोटं लावली आणि ओठांना टेकवली.