हालिगवरची वीण

जर्मनीत आखनमध्ये मी डॉक्टरेट करत होते तेव्हाची गोष्ट. हाताने विणलेल्या जुन्या स्वेटरांची नक्षी मोजायची, ती सॉफ्टवेअरमध्ये भरायची आणि विणकामाच्या यंत्राकडून तशीच काढून घ्यायची, असं माझं काम. आमचं घर इचलकरंजीचं, वडील पॉवरलूमवर जॉबर, म्हणजे माग लावून देणारे, दुरुस्त करणारे. त्यामुळे कापडाचं मला कळतं असा माझा समज होता.

नोव्हेंबरात प्राध्यापकांनी मला सहा आठवड्यांसाठी उत्तर समुद्रातल्या एका हालिगवर पाठवलं. हालिग म्हणजे बांध नसलेलं, पाण्याच्या पातळीला टेकलेलं बेट. घरं तेवढी मातीच्या उंच टेकाडावर. आमच्या टेकाडावर सात घरं होती, त्यातली तीन बंद. मी राहिले ती एका एकोणऐंशी वर्षांच्या बाईंकडे. मेंढ्यांची लोकर घरी कातून त्या स्वेटर विणायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी किनाऱ्यावरच्या गावात राहायची.

पहिले पंधरा दिवस त्या माझ्याशी फार बोलल्याच नाहीत. सकाळी चहा ठेवायच्या, स्वेटर टेबलावर काढून द्यायच्या आणि आपल्या खोलीत जायच्या. मी फोटो काढायचे, टाके मोजायचे. दुपारी चारलाच अंधारून यायचं. आईचा फोन आला की मी खिडकीजवळ जायचे, कारण रेंज तिथेच.

"आवाज का असा येतोय गं तुझा?"

"वारा आहे इथे," मी सांगायचे. दिवसभरात तोंडातून निघालेले बहुतेक तेवढेच शब्द.

तिसऱ्या आठवड्यात आखनहून पार्सल आलं. माझ्या फाइलवरून यंत्राने विणलेला नमुना होता. निळ्यावर पांढऱ्या लाटा, एकही टाका इकडचा तिकडे नाही. मी तो मोठ्या अभिमानाने त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो तळहाताने सारखा केला, मग उलटा करून पाहिला.

"कोणासाठी आहे हा?"

"कोणासाठी नाही. नमुना आहे."

"आणि तपकिरी ओळ?"

त्यांच्या प्रत्येक स्वेटरवर सातव्या लाटेनंतर एक तपकिरी ओळ होती. सॉफ्टवेअरने ती चूक म्हणून दाखवली आणि मी काढून टाकली. तसं मी सांगितलं.

"चूक?" त्या हसल्या. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. "माझ्या लग्नानंतरच्या हिवाळ्यात गोठ्यात पाणी शिरलं, पांढरी लोकर गेली. तपकिरी मेंढीची उरली होती, ती लावली. सासूबाई महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. जुनी नक्षी बिघडवली म्हणाल्या."

"मग तुम्ही ती पुढे का ठेवली?"

"मला आवडली. आणि सासूबाईंची जुनी नक्षी तरी कुठली? या लाटा त्यांनी कोणा खलाशाने आणलेल्या बशीवरून उचलल्या होत्या. त्यांनीच मला सांगितलं होतं."

माझ्या तक्त्यात 'मूळ नक्षी' असा एक रकाना होता. त्यात काय लिहायचं ते मला कळेना.

दोन दिवसांनी वादळ आलं. सकाळी खिडकीतून पाहिलं तर कुरणं नव्हती. टेकाडाभोवती राखाडी पाणी आणि पलीकडे दुसऱ्या टेकाडाची छपरं. याला तिथे लांडउंटर म्हणतात, जमीन पाण्याखाली जाणं. बाईंनी मेंढ्या आदल्या दिवशीच वर आणल्या होत्या. त्यांनी शेगडीत लाकूड सारलं आणि माझ्या हातात दोन सुया दिल्या.

"मला विणता येत नाही," मी म्हटलं.

"अस्सं! आणि तीन आठवडे माझे टाके मोजतेस?"

मला खरंच लाज वाटली. त्या शेजारी बसून शिकवू लागल्या. माझे टाके इतके घट्ट पडायचे की सुई शिरेना. "माझी बहीण अशीच विणायची," त्या म्हणाल्या. "झोपेत दात खायची." मग विचारलं, "तुझी आई काय विणते?"

आई काहीच विणत नाही. पण तिच्या साडीचा करवतकाठ मला डोळे मिटून काढता येतो. मी तो वहीच्या चौकटींवर काढून दाखवला. त्यांनी तो बराच वेळ निरखला आणि हातातल्या बाहीवर, मनगटाच्या वर, तपकिरी लोकरीने ते दाते विणायला घेतले. कोणाची परवानगी नाही, कसली चर्चा नाही. मला एकाएकी रडू आलं. त्यांनी पाहिलं, पण सुया थांबवल्या नाहीत, आणि तेच मला बरं वाटलं.

प्रबंधातला तो 'मूळ नक्षी'चा रकाना मी पुढे काढून टाकला. त्याऐवजी कोणी, कधी आणि कशामुळे काय बदललं ते लिहिलं. प्राध्यापकांना पटायला वेळ लागला.

पुढच्या वसंतात त्या पडल्या आणि मुलीने त्यांना किनाऱ्यावरच्या वृद्धाश्रमात आणलं. तीन गाड्या बदलून मी भेटायला गेले. खोलीची खिडकी पार्किंगवर उघडत होती. मी कोण हे त्यांना नीटसं आठवत नव्हतं. बोटं वाकडी झाली होती, हातात काही नव्हतं. मी केक कापून दिला, तो त्यांनी सगळा खाल्ला.

"तू लगेच जाणार?"

"बसला अजून चाळीस मिनिटं आहेत."

"मग थांब," त्या म्हणाल्या आणि शेजारच्या खुर्चीवरचा माझा कोट उचलून आपल्या मांडीवर घेतला.