मायनस आठ नंबरची आई

अमेरिकेतल्या ट्रॉय गावच्या मराठी मंडळात रेणूइतकी चिकित्सक बाई दुसरी नाही. नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची, म्हणजे लोकांच्या कामातल्या चुका काढायच्या आणि वर त्याचा पगार घ्यायचा. घरीही तेच. नवऱ्यानं, शंतनूनं, डिशवॉशर लावला की ही सगळी भांडी काढून परत आपल्या पद्धतीनं लावणार. पण चष्मा काढला की बाईसाहेब ठार आंधळ्या. नंबर मायनस आठ. उशाशी ठेवलेला चष्मा सापडला नाही, की शोधायला शंतनूला हाक.

मागच्या उन्हाळ्यात तर तिनं कहर केला. मंडळाची तळ्यावर पिकनिक होती. चष्मा काढून पाण्यात उतरली, लेकीसारखा लाल स्विमसूट दिसला, तशी तरातरा गेली, पोरीचं बखोट धरून काठावर आणलं आणि "खाल्ल्याशिवाय परत पाण्यात जायचं नाही" असा दम देऊन दडपे पोहे भरवायला लागली. पोरगी मुकाट खात होती. अर्धी वाटी संपल्यावर शेजारी उभी असलेली एक गोरी बाई अदबीनं म्हणाली, की ही माझी मुलगी आहे, पण भरवा, तिला आवडलेलं दिसतंय.

मंडळी हसून हसून लोळली. रेणूही हसली. घरी आल्यावर मात्र बाथरूमचं दार लावून रडली, कारण तेवढा वेळ आपली सात वर्षांची अनिका कुठल्या पाण्यात होती हे तिला ठाऊकच नव्हतं. कॉन्टॅक्ट लेन्स घालून तळ्यात उतरायचं नाही, इन्फेक्शन होतं, हे डॉक्टरनं आधीच बजावलेलं. मग उरलं काय? लेझर. पुढच्या उन्हाळ्यात पाण्यातली अनिका दिसली पाहिजे म्हणजे पाहिजे.

हे मंडळात कळायचा अवकाश, प्रत्येकजण डोळ्यांचा डॉक्टर झाला. पुढच्याच पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं घरून एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, चैत्राली तिला कोपऱ्यात घेऊन बसली. तिचं लेझर दोन वर्षांपूर्वी झालेलं. "यार, दुसऱ्या दिवशी मला झाडाचं पान न् पान दिसत होतं. गाडी बाजूला घेऊन रडले मी. आता लगेच करून टाक."

"घाई करू नकोस गं," पलीकडून रवींद्रकाका म्हणाले. काका मोटार कंपनीतून रिटायर झालेले, आणि लेझर करून त्यांना वीस वर्षं होऊन गेलेली. "दिवसा झकास दिसतं. रात्री ड्राइव्ह करताना प्रत्येक दिव्याभोवती कडं. डोळे सदा कोरडे, खिशात कायम हे ड्रॉप्स. आणि एवढं करून वाचायला चष्मा लागलाच."

"काका, तेव्हाची मशीन वेगळी होती."

"मशीन वेगळी असेल. डोळा तोच आहे ना?"

झालं, जुंपली दोघांची. पुऱ्या गार झाल्या तरी कोणी मागे हटेना. शेवटी रेणूनंच विचारलं, "काका, मग तुम्हाला पस्तावा होतो का?"

"छे," काका बासुंदीची वाटी निपटत म्हणाले, "उद्या परत करीन."

आता या माणसाला काय म्हणावं! रेणूनं सरळ सर्जनलाच गाठलं आणि टेस्टरबाईंनी त्याला तासभर पिळून काढलं. तो म्हणाला, बहुतेक लोक खूश असतात. काहींना कोरडेपणा, रात्रीची चकाकी राहते. अगदी थोड्यांचं दुखणं लवकर जात नाही. त्यातल्या तुम्ही कोण, हे मी आधी सांगू शकत नाही. ऑफिसात असं उत्तर देणाऱ्याला रेणूनं उभा सोलला असता. पण माणूस खरं बोलला, म्हणून तिला तो आवडला, आणि तिनं तारीख घेतली.

सासूबाई, शैलजाताई, तेव्हा नागपूरहून आलेल्या. ऑपरेशनला निघालेल्या सुनेला ओवाळल्याशिवाय कशा पाठवतील? पाट मांडला, निरांजन लावलं. रेणू चष्मा काढून, मान वर करून, डोळे टक्क उघडे ठेवून बसली. सासूबाईंनी मोठ्या मायेनं अक्षता टाकल्या, आणि तांदळाचा एक टोकदार कण थेट डोळ्यात. रेणूनं डोळा खसाखसा चोळला.

क्लिनिकमध्ये सर्जननं दिव्याखाली डोळा तपासला. ओरखडा पडलेला. काय गेलं होतं?

"तांदूळ," रेणू म्हणाली.

डोळ्यात तांदूळ कसा गेला?

"सासूबाईंनी टाकला. ऑपरेशन नीट व्हावं म्हणून."

सर्जन खुर्चीत बसला आणि खांदे गदगदेपर्यंत हसला. ऑपरेशन अर्थातच कॅन्सल, डोळा बरा झाल्यावर बघू. रेणू मात्र हिरमुसली, कारण तळ्यावरची पिकनिक त्याच महिन्यात होती. ते ऐकून काउंटरवरची मुलगी म्हणाली, मग तोपर्यंत नंबरचे स्विमिंग गॉगल घ्या ना, मिळतात की. वर्षभर अख्खं मंडळ वाद घालत होतं, त्यात निम्मे इंजिनिअर, आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नव्हतं.

डोळा बरा झाला, पिकनिकचा दिवस उजाडला. ते जाडजूड गॉगल चढवून रेणू कमरेइतक्या पाण्यात उतरली. शंतनूला हसू आवरेना. तिला त्याची फिकीर नव्हती. सगळं दिसत होतं: पोहायची हद्द आखणाऱ्या दोरीवरचे चेंडू, लोकांचे भिजलेले चेहरे, आणि दोरीजवळ हिरव्या स्विमसूटमधली तिची अनिका.

अनिकानं वळून हात उंच केला आणि हलवला. रेणूनं मागे बघितलं, कोणाला करतेय म्हणून. मागे कोणी नव्हतं. मग तिनंही हात हलवला.

अनिकाचा हात तसाच वर राहिला. मग ती सपासप पोहत आली आणि धापा टाकत म्हणाली, "मम्मा, यू वेव्ड बॅक."

"म्हणजे?"

"आय ऑलवेज वेव्ह. यू नेव्हर डू. आय थॉट तुला आवडत नाही."

 रेणूनं पोरीला छातीशी घट्ट धरलं. "आवडतं गं," एवढंच कसंबसं म्हणाली. अनिका हात सोडवून परत दोरीकडे पोहत गेली, वळली, आणि पुन्हा हात वर केला. गॉगलच्या आत पाणी भरलं होतं, सगळं पुसट झालं होतं. काढून पुसायला हवे होते. पण तेवढ्यात पोरीचा हात खाली गेला तर? रेणू तशीच उभी राहून हात हलवत राहिली.