तळहातावरचा चुना

सकाळी रामाच्या दर्शनाला जाताना मी घसरलो आणि पाय मोडला, असं आमच्या भजनी मंडळात सगळे समजत होते. तसं मीच सांगितलं होतं. ते खोटं होतं. आता वय झालं, म्हणून खरं काय ते लिहून ठेवतो.

बायको गेली त्या वर्षी मी माळ घातली आणि तंबाखू सोडल्याचं चारचौघांत सांगितलं. दोन महिन्यांत चोरून पुन्हा सुरू केली. त्या सकाळीही दर्शनाचं नाव सांगून पंचवटीच्या भाजीबाजारामागच्या टपरीवर गेलो होतो. पुडी खिशात टाकून वळलो, कोबीच्या पाल्यावरून पाय सरकला आणि उजवी नडगी मोडली.

ऑपरेशन होऊन आत सळई बसली. पण पाच महिने झाले तरी हाड जुळेना. डॉक्टरांनी तंबाखूबद्दल स्पष्ट विचारलं. सून वैशाली शेजारी उभी होती. मी माळेला हात लावून ‘नाही’ म्हणालो.

हाड का जुळत नाही, हे येणारा जाणारा विचारायचा. मी सुस्कारा टाकून म्हणायचो, सून शाळेत नोकरीला, तिला तरी वेळ कुठे मिळतो. तेवढं पुरायचं. माझी धाकटी बहीण तर वैशालीच्या तोंडावर म्हणाली, “तुझ्या हातचं माझ्या भावाच्या अंगी लागत नाही गं.” वैशाली पहाटे उठून मला नाचणीची आंबील करून द्यायची आणि मग शाळेत जायची. बहिणीचं ऐकून ती माझं ताट उचलून आत गेली. मी पलंगावर नामजप करत होतो. भजनातल्या सोबत्याने आणून दिलेली तंबाखू तेव्हाही गालात होती.

पुन्हा ऑपरेशन करायचं ठरलं. कमरेच्या हाडाचा थोडा चुरा आणि माझ्याच रक्तातून वेगळ्या काढलेल्या प्लेटलेट्स मोडलेल्या हाडाच्या फटीत भरायच्या होत्या. याने मदत होऊ शकते, खात्री देता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनआधीच्या तपासणीसाठी रक्त घ्यायला एक नर्स आली. बोलण्यावरून घोटीकडची असावी. तिने मूठ आवळायला लावली, सुई टोचल्यावर सोडायला सांगितली. मूठ उघडली तेव्हा तळहाताच्या रेषांत चुना दिसत होता. तिने पाहिला. रागावली नाही. हळूच म्हणाली, “औषध तुमच्याच रक्तातून काढणार हायेत, बाबा. दुसऱ्या कोणाचं चालत नाय. तुम्ही आत काय घालता, ते तुम्हालाच ठाऊक.”

सहा महिने मी देवाकडे कृपा मागत होतो. ती अशी, कापसाचा बोळा दाबून धरत बोलेल, असं वाटलं नव्हतं. वैशाली आत आली तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, “उशीचा अभ्रा मीच धुते, बाबा. मागच्या आठवड्यात पुडी सापडली.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले. आज नसतं सांगितलं, तर डॉक्टरांना मी सांगणार होते.”

हे कळल्यावर डॉक्टरांनी, आधी तंबाखू सुटू दे म्हणून, ऑपरेशन दीड महिना पुढे ढकललं. तंबाखू सुटेना तेव्हा मी लहान मुलासारखा चिडायचो, आणि वैशाली माझ्यासमोर बडीशेपेची वाटी सरकवायची. ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी मला नळी दाखवली. यंत्रात गरागरा फिरवून घेतलेलं माझं रक्त खाली लाल, वर पिवळसर, आणि मधे प्लेटलेट्सचा एक पुसटसा थर होता. इतकी वर्षं ते औषध माझ्याच अंगात होतं. मी डोळे मिटले आणि पहिल्यांदाच काही मागितलं नाही.

चार महिन्यांनी एक्स-रेच्या फोटोत हाड जुळलेलं दिसलं. प्लेटलेट्सनी जुळलं, तंबाखू सुटल्याने की आंबिलीने, मी विचारलं नाही. त्या नर्सला भेटायला गेलो, तर ती नोकरी सोडून गेली होती.

मागच्या एकादशीला बहिणीला मुद्दाम बोलावून घेतलं आणि भजनानंतर सगळ्यांसमोर हे सांगितलं. तंबाखू आणून देणारा सोबती खाली बघत बसला. बहीण उठली आणि वैशालीजवळ जाऊन बसली. मग तीर्थ आलं. ज्या तळहातावर मी तंबाखू मळायचो, तोच पुढे केला. माझी काठी वैशालीने धरली होती. देवापुढे शरण जायचं म्हणजे एवढंच असावं, हात जसा आहे तसा उघडून दाखवायचा. पुढचं तो बघतो.