बांगडीत अडकलेली महागाई

महागाई खऱ्या अर्थाने समजलेला माणूस भारतात एकच आहे आणि तो मोहाडीला राहतो, असं माझ्या मामांचं ठाम मत होतं. मामा मोहाडीलाच राहत. गोंदिया वेगळा होऊन जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, त्याच सुमारास ते जमीनमोजणीच्या खात्यातून निवृत्त झाले. पण मोजण्याची खोड काही निवृत्त झाली नाही. मोजायला शेतं उरली नाहीत म्हणून त्यांनी महागाई मोजायला घेतली. सरकारी आकड्यांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "बिस्किटाच्या पुड्याची किंमत तेवढीच, आतली बिस्किटं कमी. हे दिल्लीवाल्याले कसं समजन?" असं म्हणत ते पाहुण्यासमोरच पुडा फोडून बिस्किटं मोजत, आणि पाहुण्याचा हात काही बशीकडे जात नसे.

त्यांचं स्वतःचं माप म्हणजे आठवडी बाजारातला आलुबोंडा. त्यात आलू आले, बेसन आलं, तेल आलं, सरपण आणि मजुरीही आली. मामींची जुनी पितळी बांगडी खिशात घालून मामा दर बाजाराला जात, ठरलेल्या बाईकडून ठरलेल्या पैशांत बोंडा घेत आणि सर्वांदेखत तो बांगडीतून घालून पाहत. अडकला की महागाई नाही. आरपार गेला की आली. बोंडा वर्षानुवर्षं अडकत होता, आणि त्यापायी मामींच्या हाती पडणारा घरखर्चही तिथेच अडकला होता. मामी म्हणत, "दूध महागलं जी." मामा म्हणत, "बोंड्यात दूध रायते काय?" "मंग रोज बोंडेच चारू काय तुमाले?" असं मामींनी विचारलं, की मामा बांगडी पुसायला घेत. घरातलं वरण मात्र पातळ होत चाललं होतं.

एकदा मामा तापाने पडले. मी तिथेच होतो, म्हणून बाजारात मला पिटाळलं. त्याच बाईकडून मी आणलेला बोंडा जास्त पैशांचा निघाला आणि बांगडीतून थेट मामांच्या पांघरुणावर पडला. मामा ताडकन उठून बसले. "एका हप्त्यात एवढी महागाई! देश बुडाला!"

पुढच्या बाजारी मफलर गुंडाळून ते जाब विचारायला गेले. बाईने हात जोडले. "गरम नका होऊ सायेब. तुमी वजनं-मापं तपासनाऱ्या खात्याचे ना? बांगडी पाह्यली तवापासून तुमच्यासाठी मोठा बोंडा अलग काढतो. पैसेबी जुनेच घेतो."

मामा तसेच माघारी फिरले. घरी मामी तांदूळ निवडत होत्या. मामा त्यांच्यासमोर खाली बसले. "इतके वर्स कसं भागवलं वो? कायकाय घेनं सोडलं तू?"

मामी हसल्या. "आता कोनाले आठवते जी? तुमाले तर काही कमी पडलं नाही ना?"

पुढच्या महिन्यापासून घरखर्च वाढला, दूध वाढलं, वरणही घट्ट झालं. पण स्वतःसाठी काय घ्यावं, हे मामींना बाजारात उभं राहून सुचेना. मामा पिशवी धरून शेजारी उभे राहत आणि म्हणत, "घे ना वो, काहीतरी घे." मला फार वाईट वाटायचं. मामी एकेका दुकानापुढे थांबत, भाव विचारत आणि पुढे जात.