सोवळ्याला चालेल

आमच्या घरी एक खेळ होता. वडील लक्ष्मी रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानात तीस वर्षं गादीवर बसले, मालक म्हणून नाही, गिऱ्हाइकाला साड्या उलगडून दाखवायला. घरी येताना खिशातून चार-दोन सुटे धागे आणायचे आणि जेवणाआधी काडी ओढून एकेक धागा जाळायचे. आम्ही डोळे मिटून वास घ्यायचा आणि सांगायचं, केस की प्लॅस्टिक? अस्सल रेशीम जळलं की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा काळा टणक मणी होतो. मी कधीच चुकत नसे. पुढे तर जाळायचीही गरज पडेना, कापड अंगठ्यात आणि तर्जनीत धरलं की कळायचं. धाकट्या भावाला काही कळायचं नाही म्हणून मी त्याला भारी चिडवायची. पण त्याचं दुसऱ्या कशावरून कौतुक झालं की लगेच माझं तोंड फुगायचं. आई मला जळकुकडी म्हणायची. ते नाव चिकटलं ते चिकटलंच.

सनीव्हेलला या विद्येचा काडीचा उपयोग नव्हता. पुण्यात मी बँकेत होते. लग्न झालं, राजीनामा दिला आणि नवऱ्यामागोमाग इकडे आले. माझ्या व्हिसावर नोकरी करायची परवानगी नव्हती. कागदोपत्री मी ‘डिपेंडंट’. आणि समोरच्याच अपार्टमेंटमध्ये ती राहायची. नागपूरची, चिप डिझाइन करणारी, स्वतःची गाडी, स्वतःचा पगार. सकाळी पावणेआठला ओले केस तसेच मोकळे सोडून, हातात कॉफीचा मग घेऊन धावत निघायची आणि जिन्यातून ओरडायची, “ए, काय करून राहिली? संध्याकाळी ये नं चहाला!” स्वभावानं इतकी चांगली, की तिच्याबद्दल वाईट बोलायला कुठे जागाच नाही. त्याचाच मला जास्त राग यायचा.

२००५च्या वसंतात आम्ही दोन्ही जोडपी चीनच्या टूरवर गेलो. आमचे नवरे एकाच कंपनीत होते, त्यांनीच परस्पर ठरवलं. बसमध्ये आम्ही चार मराठी आणि बाकी कॅलिफोर्नियातलेच नाना देशांचे लोक. गाइड म्हणजे एक टिचभर मुलगी, हातात पिवळा झेंडा. आमचं ऐकून ऐकून तिसऱ्या दिवसापासून ती सगळ्या बसलाच “चला, चला!” म्हणायला लागली. हे तिला कुणी शिकवलं? अर्थातच माझ्या शेजारणीनं. पुढची सीट तिची, गाइडशी गप्पा तिच्या, चीनच्या भिंतीवर चढताना सगळ्यांचे फोटो काढणार तीच. मी मागे बसून दशम्या आणि मेतकूट वाटत होते. माझा नवरा म्हणाला, “कसली एनर्जी आहे यार तिला!” मी म्हटलं, “तिला घरी जाऊन भांडी घासायची नसतात.” खरं म्हणजे तीही घासायची. पण मला तेवढंच सुचलं.

रोज एखादी तरी शॉपिंगची जागा टूरमध्ये धरलेलीच असायची, कुणाला हवी असो वा नसो. मोत्यांचं झालं, जेडचं झालं, आणि शांघायला रेशमाचा दिवस उजाडला. आधी कारखाना, तिथे गरम पाण्यातल्या कोषांतून धागा निघताना बघायचा, मग एका मोठ्या सिल्क मार्केटमध्ये दीड तास मोकळे. बसमधून उतरता उतरता ती माझ्या दंडाला लोंबकळली.

“मला आज तू हवी आहेस हं. मला यातलं ओ की ठो कळत नाही.”

तिच्या सासूबाई ऑगस्टमध्ये सहा महिन्यांसाठी यायच्या होत्या. घरी गणपती बसणार होता. त्यांचं जुनं सोवळं, म्हणजे पूजेच्या स्वयंपाकाला नेसायचं रेशमी लुगडं, विरून गेलं होतं, आणि हिच्या डोक्यात आलं की चीनमधून अस्सल रेशीम नेऊन त्यांना सरप्राइज द्यायचं. सोवळ्यात असलेल्या बाईला कुणी शिवायचं नाही, आणि सोवळं रेशमाचंच हवं, एवढं तिला ठाऊक होतं. “नऊ वार म्हणजे मीटरमध्ये किती गं?” तिनं विचारलं. “सव्वाआठ,” मी ताडकन म्हणाले. “बाप्पा! तुला तोंडपाठ?” तीन वर्षांत पहिल्यांदा ती काहीतरी मला विचारत होती, तेही सगळ्यांदेखत. खोटं कशाला सांगू, मी फुलून गेले.

तासभर मी राणीसारखी हिंडले. हे घे, ते ठेव, याला खळ आहे, हे धुतलं की पोतेरं होईल. विकणाऱ्या बायका माझी बोटं बघून हसायच्या आणि खालचा चांगला माल वर काढायच्या. आमच्या बसमधल्या दोन-तीन अमेरिकन बायकाही माझ्या मागे मागे यायला लागल्या. तेवढ्यात एका गाळ्यात मला शेवाळी रंगाचं एक रेशीम दिसलं. हातात धरलं आणि सोडवेना. वडील असते तर नुसते “हं” म्हणाले असते, ते फक्त फार चांगल्या कापडाला म्हणायचे. मी नवऱ्याला हाक मारली. त्यानं बघितलं, घड्याळ बघितलं, आणि म्हणाला, “छान आहे. पण याचा ड्रेस शिवून तू घालणार कुठे? तुला ऑफिसला थोडंच जायचंय?”

तो वाईट माणूस नाही. तो ते अगदी साधेपणानं बोलला आणि पाण्याची बाटली शोधायला निघून गेला. मी कापडाची घडी होती तशी घातली आणि परत ठेवली.

त्याच मिनिटाला पलीकडच्या गाळ्यातून ती ओरडली, “ए, इकडे ये, मिळालं!” डाळिंबी रंगाचं एक ठाण तिनं छातीशी धरलं होतं. रंग खरोखर सुरेख. विकणाऱ्या माणसानं लायटर काढला, एक धागा जाळला आणि तिच्या नाकाशी नेला. केसांचा वास. “बघ, प्युअर आहे नं?” तिचा चेहरा नुसता उजळला होता. पण मी त्याचा हात बघितला होता. धागा त्यानं डाळिंबी ठाणाचा उपटलाच नव्हता, खालच्या दुसऱ्याच लाल कापडाचा उपटला होता. तरी मी डाळिंबी कापड चिमटीत धरून बघितलं. प्लॅस्टिक. शंभर टक्के प्लॅस्टिक.

“सांग नं,” ती म्हणाली. “तू म्हणशील तर घेते.”

माझ्या मनात तेव्हा काय आलं ते मला अजून लख्ख आठवतं. मनात आलं, घे. एकदा तरी फस. ही चिप डिझाइन करते, हिला गाडी येते, हिला सगळे विचारतात, आणि हिला हे कळत नाही.

“हो,” मी म्हणाले. “सोवळ्याला चालेल.”

तिनं मला चक्क मिठी मारली. सव्वाआठ मीटर कापून घेतलं. बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसली आणि येईल त्याला सांगत राहिली, “हिनं पारखून दिलंय.” मला आधी मजा वाटली, मग मी खिडकीबाहेर बघायला लागले. हॉटेलवर पोचल्यावर सांगू, असं मी ठरवलं. मग विमानतळावर. मग घरी गेल्यावर.

घरी आल्यावर तर तीच कापड घेऊन माझ्या दारात. “तुझ्याकडे मशीन आहे नं? दोन्ही टोकांना टीप मारून देशील?” ही आयती संधी होती. ती गेल्यावर मी कडेचा एक धागा ओढून पेटत्या काडीवर धरला. वितळला, आक्रसला, काळा मणी झाला. तो मणी मी कितीतरी वेळ बोटांत फिरवत बसले. मग टीप मारली. अगदी सरळ, सुबक मारली, कारण काम वाईट केलेलं मला चालत नाही. घडी घालून परत दिलं आणि वर चहा पिऊन आले. मला रोज थोडी थोडी मजाही वाटत होती, हे लिहायला हवं. ती सकाळी धावत निघाली की मी खिडकीतून बघायची आणि मनात म्हणायची, जा बाई, तुझं प्लॅस्टिक फक्त मला ठाऊक आहे.

ऑगस्टमध्ये तिच्या सासूबाई आल्या, मी त्यांना काकू म्हणायची. बारीक चणीच्या, मोठ्या आवाजाच्या. सुनेनं लुगडं दिलं तेव्हा मी तिथेच होते. काकूंनी ते उलगडलं, दोन्ही हातांनी एकदा घासलं, गालाला लावलं आणि म्हणाल्या, “वा, काय रंग आणला गं माझ्या पोरीनं!” माझ्या सासूबाईंनी मला कधी पोरी म्हटल्याचं आठवत नाही. मी तिथूनच घरी निघून आले, साखर संपल्याचं निमित्त करून.

गणपतीच्या दिवशी तिच्या घरी पंधरा-वीस माणसं. स्मोक अलार्मची बॅटरी काढून ठेवलेली, बूट-चपलांचा ढीग दाराबाहेर. आणि स्वयंपाकघरात काकू, डाळिंबी सोवळं नेसून, शेगडीपाशी. दोन कॉइल लालभडक तापलेल्या, एकीवर उकळतं पाणी, एकीवर कढई. पदर कमरेला खोचलेला, पण त्या वळल्या की निऱ्या शेगडीच्या अगदी जवळून जायच्या. आत्तापर्यंत मी फक्त हसं होण्याचा विचार केला होता. हे कापड पेटलं तर नुसतं जळणार नाही, अंगाला चिकटेल, हे माझ्या डोक्यात त्या क्षणी आलं.

“काकू, सरा ना, मी तळते.”

“तू सोवळ्यात आहेस का? नाही नं? मग लांब उभी राहा, शिवशील.”

“अहो, पण थोडं मागे तरी...”

“लांब म्हटलं नं!”

मी दोन तास त्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. हात लावता येत नव्हता आणि तोंड उघडत नव्हतं. कुणी म्हणालं, ही बघा, रेशीम पारखणारी, कशी कौतुकानं बघत उभी आहे! मी हसले.

मग आरती सुरू झाली. टाळ्या, झांजा, सगळे तालात आणि बेसूर. काकू नैवेद्याचं ताट ठेवायला वाकल्या, कमरेचा पदर सुटला आणि टोक घसरत समईच्या वातींकडे निघालं. मी दोन माणसांना ढकलून पुढे गेले, पदर खसकन ओढला आणि ओरडले, “काकू, हे रेशीम नाहीये! पॉलिस्टर आहे, चिकटेल अंगाला!”

आरती अर्ध्यावर थांबली. पदराचं टोक आक्रसून गेलं होतं, कडेला तीन-चार काळे मणी. मी शिवले म्हणून काकू रागावतील असं मला वाटलं. त्यांनी टोक हातात घेतलं, बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, “माहिती आहे नं मला. हातात घेतलं तेव्हाच कळलं.”

“आई, मग नेसलात कशाला?” सुनेचा आवाज रडवेला झाला होता.

“तू इतक्या हौसेनं आणलंस. देव काय धागे जाळून पाहतो का? चल, रडू नको, आरती राहिली आहे.” आणि ज्या बाईला कुणी शिवायचं नव्हतं तिनं आपल्या सुनेला जवळ घेतलं, सगळ्यांसमोर, सोवळ्याबिवळ्यासकट.

तुम्हाला वाटेल, तेव्हा तरी मला लाज वाटली असेल. लाज नंतर आली. तेव्हा मला नुसता हेवा वाटला.

आरती पूर्ण झाली. ती माझ्याजवळ आली. डोळे पुसलेले होते.

“तुला कधी कळलं?”

‘आत्ताच, वितळताना बघून’ असं म्हणणं अगदी सोपं होतं. तिनं विश्वासही ठेवला असता. पण तिच्या खांद्यावरून काकू माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांना कापडातलं कळत होतं.

“दुकानातच,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली आणि आत गेली. पंगत बसली, तीच वाढायला आली. प्रत्येकाला आग्रह करत, थट्टा करत, नेहमीसारखी. माझ्या पानापाशी थांबली आणि मोदक पुढे केला.

“घ्या,” ती म्हणाली. “तूप वाढू का तुम्हाला?”