कप्तानांचे सोमवारचे टाको

माझ्या सासऱ्यांना सगळे कप्तान म्हणायचे. जहाजावर त्यांनी सुकाणूला कधी हात लावला नव्हता, लावला तो कढईला. तरुणपणी ते एका मालवाहू बोटीवर आचारी होते. तिथल्याच दुसऱ्या एका आचाऱ्याकडून ते टाको करायला शिकले आणि नोकरी सोडून घरी आले ते एवढी एकच विद्या घेऊन. तेव्हा आमच्या शहरात टाको कुणी पाहिलाही नव्हता. आता कोपऱ्याकोपऱ्यावर मिळतात आणि त्यातल्या निम्म्या दुकानांचे मालक कधी ना कधी आमच्या टाकोच्या दुकानात कांदे चिरून गेलेले आहेत.

टाको म्हणजे काही फार मोठी गोष्ट नाही. मक्याच्या पिठाची तळहाताएवढी पोळी, तिच्या घडीत मांस नाहीतर मासा, वर कच्चा कांदा, लिंबू आणि चटणी. सगळा जीव त्या चटणीत. रोज सकाळी चटणी तयार झाली की कप्तान थेंबभर चटणी डाव्या हाताच्या पाठीवर घ्यायचे, चाखायचे, डोळे मिटायचे आणि जिभेने 'टॉक' असा आवाज काढायचे. तो टॉक ऐकला की माझा नवरा शटर वर करायचा. त्याआधी दुसऱ्या कुणाचा चमचा पातेल्यात जायचा नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे सगळं नाटक वाटलं होतं. एकदा मी गुपचूप चिमूटभर दालचिनीची पूड चटणीत टाकली. कप्तान लांबूनच, पातेल्याकडे न बघता म्हणाले, "सूनबाई, केक वेगळ्या भांड्यात करतात." मी काय लाजले! पण त्या दिवसापासून मला तो माणूस मनापासून आवडायला लागला.

मग एका थंडीत ते तापाने फणफणले. ताप उतरला, अशक्तपणा गेला, ते पुन्हा दुकानात उभे राहिले. सकाळचा टॉकही होऊ लागला, फक्त उशिरा. चाखायचे, थांबायचे, मीठ घालायचे, पुन्हा चाखायचे. गिऱ्हाइकं आमच्याकडे पाणीच जास्त पिऊ लागली. बशीत अर्धे टाको परत यायला लागले. मी चटणी चाखली तर तोंड वाकडं झालं. इतकं मीठ की जीभ सोलून निघावी.

"बाबांना सांग," मी नवऱ्याला म्हटलं.

"बाबांना कोण सांगणार?" तो म्हणाला आणि शटरला तेल घालायला निघून गेला.

आमच्या घरात बाबांशी सगळ्या विषयांवर बोलता येतं, फक्त बाबांच्या विषयावर नाही. माझा नवरा तसा वाईट नाही, पण वडिलांसमोर उभा राहिला की अजूनही शाळेत उशिरा पोहोचलेल्या मुलासारखा दिसतो. शेवटी मीच रोज टॉक झाला की कप्तानांची पाठ वळायची वाट बघायचे आणि पातेल्यात उकडलेले टोमॅटो ढकलायचे. त्याने खारटपणा जरा मरायचा, चवही मरायची. दुकान रिकामं व्हायला लागलं. संध्याकाळी खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवायचं कामही लवकर उरकायला लागलं, कारण बऱ्याचशा खुर्च्या सकाळपासून तशाच असायच्या.

ते कप्तानांच्याही लक्षात आलं. एका रविवारी त्यांनी जाहीर केलं, "उद्या दुकान बंद असतं. तिघं जाऊन दुसऱ्यांचे टाको खाऊ. लोक आपल्याला सोडून कशासाठी जातात ते तरी बघू."

मग आमचे सोमवार सुरू झाले. बस डेपोसमोरचं, जिथे उभ्यानेच खावं लागतं ते दुकान. इस्पितळाच्या फाटकासमोरचं, जिथे सगळे खाली मान घालून खातात. एक भिंतीभर आरसे लावलेलं, जिथे एकेक टाको लाकडी फळीवर येतो. एक उड्डाणपुलाखालची गाडी. कप्तान प्रत्येक ठिकाणी टाको आधी उघडून बघायचे, मांसाचा तुकडा बोटांनी दाबून बघायचे, पोळी उजेडाकडे धरायचे. मग एक घास. मग तेच वाक्य.

"मीठच नाही याच्यात. सपक."

"अगदीच सपक," माझा नवरा म्हणायचा.

आणि माझ्या तोंडात त्या वेळी काय असायचं! उड्डाणपुलाखालच्या त्या माणसाचा मासा बाहेरून कुरकुरीत आणि आतून इतका मऊ, की मला तिथेच त्याला मिठी मारावीशी वाटली. पण मीही मान हलवायचे. चांगलं खाऊन वाईट तोंड करायचं म्हणजे किती कष्टाचं काम आहे ते मला त्या दिवसांत कळलं. सासऱ्यांचा रागही यायचा. म्हातारा स्वतःचं सोडून कुणालाच चांगलं म्हणायचा नाही, असं मला वाटायचं.

असे फिरत फिरत आम्ही लंबूच्या दुकानात गेलो. लंबू हा कप्तानांचा सगळ्यात लाडका चेला. उंची एवढी की आमच्या स्वयंपाकघरात तो कायम वाकूनच काम करायचा. आता त्याचं स्वतःचं दुकान होतं आणि ते उत्तम चालत होतं. तो स्वतः बशी घेऊन आला आणि टेबलापाशी उभा राहिला. कप्तानांनी घास घेतला आणि म्हणाले, "लंबू, हात आखडता घेतोस. मीठ नाही."

लंबूचा चेहरा पडला. पण मी हात धुवायला उठले तेव्हा तो बेसिनपाशी आला आणि हळूच म्हणाला, "वहिनी, काकांना वास येत नाही का?"

"असं का विचारतोस?"

"आत्ता आत कांदा करपला. दुकानातल्या सगळ्यांनी वळून बघितलं. काकांनी नाही बघितलं. एरवी ते आत येऊन माझ्या कानाखाली वाजवून गेले असते."

मी विषय टाळून टेबलाकडे परत आले. पण त्याच आठवड्यात आमच्या दुकानातली वीज गेली आणि फ्रीज रात्रभर बंद राहिला. सकाळी मी दुकानाच्या दारात पाऊल टाकलं आणि तसंच मागे घेतलं. मासा सडला होता. कप्तान त्याच माशावर लिंबू पिळत होते. परातीत पार नाक खुपसून, गाणं गुणगुणत, दोन्ही हातांनी तो मासा मसाल्यात कालवत होते. मी त्यांना काहीतरी कारण काढून बाहेर पाठवलं, सगळा मासा कचऱ्यात टाकला आणि मांजराने तोंड घातलं असं सांगितलं. दार उघडं टाकलं म्हणून वर बोलणीही खाल्ली.

"आज मांजरावर भागलं," मी नवऱ्याला म्हटलं. "उद्या कुणीतरी हे खाईल आणि मरेल. मग काय सांगशील?"

"तूच सांग ना," तो म्हणाला. "तुझं ऐकतात ते."

म्हणजे विषय माझ्याच गळ्यात. पुढच्या सोमवारी मी एक बेत केला. "बाबा, आज बाहेर नको. स्टेशनपाशी एक नवीन दुकान निघालंय, तिथलं पार्सल आणते," असं म्हणून निघाले आणि गेले ती आमच्याच बंद दुकानात. मागच्या दाराने आत शिरले. आदल्या दिवशीची चटणी, टोमॅटो ढकलायच्या आधी काढून ठेवलेली, होती. कप्तानांनीच थापलेल्या पोळ्या होत्या. टाको केले, कोऱ्या कागदात गुंडाळले आणि घरी येऊन त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी नावं ठेवली की सांगून टाकायचं, बाबा, हे तुमचंच आहे. वाटेत दहादा हे वाक्य म्हणून झालं होतं.

कप्तानांनी कागद उलगडला. पोळीच्या कडेवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला. मग घास घेतला आणि नेहमीपेक्षा सावकाश चावला.

"पोळी चांगली आहे," ते म्हणाले. "चटणीत काही नाही. त्याला सांगा, आता बस कर. लोकांच्या तोंडाशी खेळू नये माणसाने."

नवरा बशीकडे बघत राहिला. मी धीर गोळा केला. "बाबा, हे स्टेशनजवळचं नाही. हे..."

"माझं आहे," कप्तान म्हणाले. "कड अंगठ्याने दाबायची खोड माझी. लंबूलाही मी ती सोडायला लावली होती. बोटांना अजून कळतं, सूनबाई."

 मी म्हटलं, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"तापातून उठलो त्या दिवसापासून. चहा प्यालो तर गरम पाणी. म्हटलं, येईल हळूहळू."

"मग मीठ नाही, मीठ नाही, असं सगळीकडे..."

"मग काय म्हणणार?" ते जरा चिडूनच म्हणाले. मग आवाज खाली आला. "मला वाटलं, एवढं मोठं शहर आहे. कुणाच्या तरी हातचं जिभेला लागेल."

मी त्यांना घमेंडखोर समजत होते आणि हा माणूस दर सोमवारी आशेने बाहेर पडत होता. मला रडू फुटलं. नवरा उठून आत गेला आणि त्याने नळ सोडला. आत तो काय धूत होता कोण जाणे.

डॉक्टर म्हणाले, तापाने नसा मेल्या आहेत, चव नि वास परत येतील असं धरून चालू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी चटणी झाल्यावर कप्तानांनी चमचा माझ्याकडे वळवला आणि माझ्या हाताच्या पाठीवर थेंब ठेवला. मी चाखलं. "लिंबू थोडं हवंय," मी म्हटलं. त्यांनी लिंबू पिळलं. मी पुन्हा चाखलं आणि ठीक आहे म्हटलं. शटरपाशी नवरा उभाच होता, आवाजाची वाट बघत. मग आपलं आपणच त्याने शटर वर केलं.

दुकान सावरलं. बरं चालू लागलं, पूर्वीसारखं नाही, पण पाण्याचे जग रिकामे होणं थांबलं. कप्तान मात्र दिवसेंदिवस वाळायला लागले. जेवायला बसायचे, सगळं संपवायचे, पण ओला कागद चावावा तसं. पट्ट्याला आणखी भोकं पाडावी लागली. मी निरनिराळं करून वाढायचे आणि ते दर वेळी "छान" म्हणायचे. त्या छानसारखं वाईट दुसरं काही नाही. मी ताट उचलून मोरीत जायचे आणि तिथे भांड्यांवर राग काढायचे.

सोमवारी ते एकटेच बाहेर पडायचे. एकदा परत आले ते लालबुंद होऊन. ओठ सुजलेले, डोळ्यांतून पाणी, सदऱ्याची बाही नाक पुसून ओली. मी घाबरले. ते हसत होते.

"आज लागलं," ते म्हणाले.

"काय लागलं?"

"काहीतरी लागलं, सूनबाई. काहीतरी आत गेल्यासारखं वाटलं."

मी लंबूला फोन केला. तो रडवेला झाला होता. कप्तानांनी त्याच्याकडच्या बारक्या लाल मिरच्या बघितल्या, एका पातेल्याला एक पुरते अशा, आणि मूठभर वाटायला लावल्या. "वहिनी, ती चव नाहीये. ती नुसती आग आहे. तेवढीच पोहोचते त्यांच्यापर्यंत. मी नाही म्हणत होतो, पण त्यांनी माझ्याकडे असं बघितलं..."

मग दर सोमवारी तेच. कोपऱ्यातल्या टेबलावर बसून ते ती आग खायचे, डोळ्यांतून धारा वाहायच्या. बाकीच्या गिऱ्हाइकांना वाटायचं, म्हाताऱ्याचं कुणीतरी गेलंय. एकदा एका बाईने म्हणे त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. कप्तान तिला म्हणाले, "खाऊन बघता का?"

तीन-चार महिने असे गेले आणि एका पहाटे त्यांना रक्ताची उलटी झाली. पोटात व्रण. इस्पितळातून सोडताना डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, मिरचीचं बोटसुद्धा लागू द्यायचं नाही, पुन्हा रक्त गेलं तर हातात काही उरणार नाही. घरी आल्यावर माझ्या नवऱ्याने आयुष्यात पहिल्यांदा वडिलांविरुद्ध काहीतरी केलं. लंबूला फोन करून ताकीद दिली आणि कप्तानांचे बूट माळ्यावर लपवले.

 कप्तान मऊ भात खायचे आणि छान म्हणायचे. महिना-दीड महिना असं चाललं. आता त्यांना उठतानाही हात द्यावा लागायचा. मग एका सोमवारी सकाळी बघते तर आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून ते दारापाशी स्टुलावर बसलेले. पाय अनवाणी.

"बूट मिळत नाहीत," ते म्हणाले.

"बाबा, डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला सांगितलंय ना?"

"सांगितलंय. मला ऐकू येतं, तेवढं शाबूत आहे." त्यांनी सदऱ्याची बाही नीट केली. "सूनबाई, तू रोज एवढं करून वाढतेस. मी रोज खोटं बोलतो. आणखी किती दिवस बोलू?"

मी आत गेले. नवरा पलंगावर पेपर वाचत होता, त्याच्याकडे बघितलं नाही. माळ्यावरचे बूट काढले असते तर कप्तान लंबूकडे जाऊन चारचौघांत रडत बसले असते. मी बूट काढले नाहीत. फडताळाच्या वरच्या कप्प्यात, लंबूकडून मागवून मी लपवून ठेवलेली त्या लाल मिरच्यांची पुडी होती. कशासाठी ठेवली होती ते मी स्वतःलाही सांगितलं नव्हतं. मिरच्या वाटल्या. माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं, ते मिरचीचं होतं असं म्हणायला हरकत नाही. मीठ, लिंबू, कांदा सगळं नीट मापाने घातलं, त्यांना कळणार नव्हतं तरी. मक्याची पोळी थापली आणि कड अंगठ्याने दाबली.

मग चमचा घेऊन बाहेर गेले. कप्तानांनी माझ्याकडे बघितलं आणि डावा हात पुढे केला.  मी त्याच्या पाठीवर एक थेंब ठेवला. त्यांनी चाखलं, डोळे मिटले. पापण्यांखालून पाणी आलं, गालांवर आलं. आणि किती दिवसांनी, टॉक असा आवाज झाला.

आतल्या खोलीत पेपर खाली पडला. माझा नवरा दारात येऊन उभा राहिला. तो वडिलांकडे बघत होता, मग माझ्या हातातल्या चमच्याकडे.  थोड्या वेळाने त्याने दुसरं स्टूल आणलं आणि बाबांच्या शेजारी बसला, आणि मी पोळी भाजायला आत गेले.